कयाकमधून बाल्ड ईगल बघायचाय? सॅन वान बेटांवरची गाइडेड टूर नीट कशी करायची ते सांगते

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंडकडच्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून कोणीतरी आलेलं असतंच, आणि मग माउंट रेनियर झालं, लेव्हनवर्थ झालं, आता कुठे नेऊ असं सुरू होतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. ॲनाकॉर्टेसहून फेरी पकडा, सॅन वान बेटांवर जा आणि तीन तासांची एक गाइडेड कयाक टूर करा, बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा अमेरिकेतला मोठा गरुड, बघायला. व्हेल वॉचिंगच्या मोठ्या बोटीतूनही ईगल दिसतात, नाही असं नाही, पण स्पीकरवर सांगेपर्यंत आणि सगळे एका बाजूला धावेपर्यंत बोट पुढे गेलेली असते. कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद छोट्या होडीत, तुम्ही पाण्याला टेकूनच बसता, इंजिनचा आवाज नाही, मोठी बोट जिथे येऊच शकत नाही त्या खडकांच्या कडेकडेने जाता येतं, आणि या पक्ष्याचा सगळा संसार त्याच पट्ट्यात असतो. काठावरची उंच झाडं, खाली उथळ पाणी, ओहोटीला उघडे पडणारे खडक, बस.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ईगल उडाला आणि पंख पसरलेला फोटो मिळाला म्हणजे टूर भारी झाली असं बरेच जण समजतात. माझ्या मते उलट आहे. तुम्ही समोरून गेलात, पाच-दहा मिनिटं बघत राहिलात आणि तो फांदीवरच बसून पिसं साफ करत राहिला, म्हणजे त्याला तुमचा काही त्रास झाला नाही, ती टूर जमली. गाइड निवडताना, अंतर ठेवताना, फोटो काढताना, सगळीकडे हेच डोक्यात ठेवायचं.

कधी जायचं

ही बेटं वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचं व्हँकुव्हर आयलंड यांच्या मधल्या समुद्रात आहेत, सेलिश सी म्हणतात त्याला. इथे ईगल बारा महिने असतात पण सारखेच दिसत नाहीत. हिवाळा संपता संपता जोड्या घरटं डागडुजी करायला घेतात, साधारण मार्चमध्ये अंडी, मग पस्तीस-एक दिवस उबवणं, एप्रिलअखेर ते मेमध्ये पिल्लं बाहेर येतात आणि दहा-बारा आठवड्यांनी, म्हणजे जुलैच्या आसपास घरट्यातून उडतात. त्यामुळे मे, जून, जुलै हे सगळ्यात चांगले महिने, कारण आई-बाप दोघंही पिल्लांना खाऊ घालायला सतत पाण्यावर चकरा मारत असतात आणि घरट्यापासून फार लांब जात नाहीत. जुलैच्या मध्याला गेलात तर नुकती उडायला शिकलेली पिल्लं फांदीवर बसून भूक लागली म्हणून जे ओरडत असतात ते ऐकायला मिळतं, एवढा मोठा पक्षी आणि आवाज अगदी बारीक, चिरकासा. सिनेमात ईगल दाखवून जो दमदार चीत्कार ऐकवतात तो बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याचा असतो, बाल्ड ईगलचा नाही, त्यामुळे आवाजावरून शोधणार असाल तर त्या सिनेमाच्या आवाजाची वाट बघू नका.

ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये बरेच मोठे ईगल उत्तरेला ब्रिटिश कोलंबिया आणि अलास्काच्या नद्यांवर सामन मासे खायला निघून जातात. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लाँग वीकेंडला हवा सुंदर असते, सुट्टी असते, म्हणून लोक तेव्हाच जातात आणि मग म्हणतात एवढे ईगल सांगत होतात, दोनच दिसले. आधी जा ना. ज्यांना फक्त हिवाळ्यातच वेळ आहे त्यांनी कयाकचा नाद सोडा आणि डिसेंबर-जानेवारीत स्कॅजिट नदीवर, रॉकपोर्ट ते मार्बलमाउंटच्या पट्ट्यात जा, तिथे चम सामन अंडी घालून मरतात ते खायला ईगल जमतात, हायवे २० वरून गाडी थांबवून काठावरून बघता येतात किंवा राफ्टमधून. थंड, वेगाच्या नदीत नवख्या माणसाने कयाक घेऊन उतरायचं नाही.

दिवसाची वेळ म्हणाल तर शक्य तितकी सकाळची टूर घ्या. दुपारनंतर वारा वाढतो, विशेषतः सॅन वान आयलंडच्या पश्चिमेला हारो स्ट्रेटच्या बाजूला, आणि लाटा वाढल्या की सगळं लक्ष वल्हवण्यात जातं, वर झाडात बघणार कोण. दुसरं म्हणजे ओहोटी. उन्हाळ्यात इथे मोठी ओहोटी दिवसाउजेडी येते (हिवाळ्यात ती रात्री जाते), आणि पाणी उतरलं की खडकांच्या खाचांत अडकलेले मासे, खेकडे, मेलेलं काहीबाही उघडं पडतं, तेव्हा ईगल झाडावरून खाली येऊन अगदी पाण्याच्या कडेला बसतात. नोआच्या (अमेरिकेचं समुद्र-हवामान खातं) साइटवर फ्रायडे हार्बरचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल फुकट मिळतं, बुकिंगच्या आधी दोन मिनिटं ते बघा. आपल्यातले जे कोकणातले आहेत त्यांना हे सांगायला नको, पाणी कधी सुकतं ते बघूनच घरातून निघायचं असतं. फक्त इथे बेटांच्या मधल्या अरुंद खाड्यांतून पाणी जोरात वाहतं, सॅन वान चॅनलच्या दक्षिण टोकाला कॅटल पॉइंटजवळ तर फारच, म्हणून टूरची वेळ आणि रस्ता गाइड प्रवाह बघून ठरवतात. त्यांनी ऐनवेळी रूट बदलला तर भांडू नका, तेच त्यांचं काम आहे.

टूर कुठली घ्यायची

सॅन वान आयलंडवर फ्रायडे हार्बर, रोश हार्बर आणि पश्चिम किनाऱ्यावरून टूर निघतात, ऑर्कस आयलंडवर डीअर हार्बर आणि ईस्टसाउंडकडून, लोपेझवर फिशरमन बे. ऑर्का (किलर व्हेल) दिसतील या आशेने सगळे पश्चिम किनाऱ्याची टूर मागतात. ईगलसाठी आणि नवख्यांसाठी मला पूर्वेची शांत बाजू जास्त आवडते, म्हणजे फ्रायडे हार्बरहून निघून टर्न आयलंड, ग्रिफिन बेकडे. पाणी आडोशाला असतं, काठावर डग्लस फरची (सूचिपर्णी) जुनी झाडं भरपूर, आणि टर्न आयलंडवर उतरून पाय मोकळे करता येतात. हे सॅन वान आयलंड्स नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज या वन्यजीवांच्या राखीव क्षेत्रातलं लोकांना उतरता येणाऱ्या अगदी मोजक्या बेटांपैकी आहे, बाकीच्या रेफ्यूजच्या खडकांपासून दोनशे यार्ड लांब राहायचं असतं.

दक्षिणेकडे अमेरिकन कॅम्पची गवताळ माळरानं आहेत, तिथे माणसांनी आणलेले युरोपियन ससे माजलेत आणि माणसांनीच आणलेले कोल्हेही आहेत. ईगल नुसता मासे खाणारा नाही, तो सशांवर पण असतो. २०१८ मध्ये तिथे एका कोल्ह्याच्या पिल्लाने पकडलेला ससा हिसकावायला ईगल आला आणि ससा, त्याला चिकटलेला कोल्हा असं सगळंच उचलून हवेत गेला, त्याचे फोटो जगभर फिरले होते. कोल्हा थोड्या उंचीवरून सुटून पडला आणि ठीक होता. टूर सकाळची असेल तर संध्याकाळी गाडीने तिकडे एक चक्कर मारा, चालत बघायला मस्त आहे.

बुकिंग करताना फोन करून बोला, नुसतं ऑनलाइन बटण दाबू नका. एका गाइडमागे किती कयाक, हे पहिलं विचारा, जितके कमी तितकं बरं, कारण दहा कयाकचा ताफा आणि त्यातली गप्पाटप्पा म्हणजे पक्षी आधीच सावध. मग सरळ विचारा की घरट्यापासून किती लांबून नेता. ज्यांना हे काम माहितीये ते लगेच सांगतील, निदान शंभर मीटर, आणि पिल्लं असतील तर काही जागा टाळतोच म्हणून. जो म्हणेल की अगदी घरट्याखाली नेतो तुम्हाला, तिथे पैसे देऊ नका. काही ठिकाणी टूरवाले मासे फेकून ईगलला बोटीजवळ बोलवतात, तसला प्रकार असेल तर तोही नको, पक्षी माणसांकडून खायला शिकला की पुढे बोटी, जाळी, गळ यांच्यात अडकून मरतो.

सिंगल की डबल कयाक, हेही विचारून घ्या. बहुतेक टूर डबलच देतात आणि ईगल बघायला डबलच चांगली. मागे बसणाऱ्याच्या पायाशी रडरचे (सुकाणूचे) पेडल असतात, दिशा तोच देतो, म्हणून त्यातल्या त्यात दमाचा माणूस मागे आणि दुर्बीण-कॅमेरावाला पुढे. मुलांना किती वयापासून घेतात ते प्रत्येकाचं वेगळं असतं. आई-बाबांना न्यायचं असेल तर गुडघे, कंबर यांचं आधीच सांगा, कयाकमध्ये पाय लांब करून दोन-अडीच तास बसावं लागतं आणि वल्हवण्यापेक्षा किनाऱ्यावर त्यातून उठणं जास्त अवघड जातं, गाइडला माहिती असलं की ते हात द्यायला उभे राहतात. माणशी शंभर डॉलरच्या पुढेच धरा, वर टिप पंधरा-वीस टक्के.

फेरीबद्दल थोडक्यात. सिएटलहून ॲनाकॉर्टेस दीड तासाच्या वर, ट्रॅफिकप्रमाणे. गाडी न्यायची असेल तर वॉशिंग्टन स्टेट फेरीजचं रिझर्वेशन उन्हाळ्यात लागतंच, संपलेलं दिसलं तरी निराश होऊ नका, सेलिंगच्या दोन आठवडे आधी आणि दोन दिवस आधी परत थोड्या जागा उघडतात. चालत चढणाऱ्याला रिझर्वेशन लागत नाही, गाडी ॲनाकॉर्टेसला पार्क करून सरळ चढा, फ्रायडे हार्बर सव्वा तासाच्या आसपास. धक्क्यावरूनच निघणारी किंवा तिथून पिकअप देणारी टूर घेतली की गाडीची कटकटच नाही. भाडं फक्त जाताना घेतात, येताना नाही. पण उन्हाळ्यात फेऱ्या उशिरा धावतात, कधी रद्दही होतात, म्हणून पहिली फेरी आणि लगेच टूर असं घट्ट बांधू नका, मध्ये दोन तास तरी हवेत.

काय घालायचं, काय न्यायचं

जीन्स नको. कॉटनचं काहीच नको, ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. सिंथेटिक पँट, ड्राय-फिट टीशर्ट, वर फ्लीस, त्यावर विंडचीटर, डोक्याला टोपी. ऑगस्टचं कडक ऊन असलं तरी हे सगळं न्यायचं कारण समुद्राचं पाणी तेव्हाही ५० ते ५५ फॅरनहाइटच्या घरात असतं, म्हणजे सेल्सियसमध्ये १० ते १३. पायात पट्ट्याच्या सँडल किंवा जुने बूट, स्लिपर चिखलात राहतात. गॉगलला दोरी बांधा. लाइफ जॅकेट, स्प्रे स्कर्ट (कमरेला बांधून कयाकच्या तोंडावर ताणायचं, पाणी आत येऊ न देणारं कापड), वल्हं, ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) हे टूरवाले देतात.

पोहता येत नाही म्हणून घाबरणारे आपल्याकडे खूप असतात. लाइफ जॅकेट घट्ट बांधलेलं असेल तर तुम्ही तरंगताच, आणि टूरवरच्या डबल कयाक रुंद असतात, सहज उलटत नाहीत. खरा धोका थंडीचा आहे. इथे थंड पाण्यासाठी १-१०-१ असा हिशोब शिकवतात: पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, धापा लागतात तेव्हा घाबरून हातपाय मारायचे नाहीत, मग साधारण १० मिनिटं हात-बोटं नीट काम करतात, तेवढ्यात परत कयाकवर चढायचं, आणि १ तासाच्या आसपास जाऊन शुद्ध हरपते. किनाऱ्यावर गाइड जे पंधरा मिनिटं समजावतात, स्प्रे स्कर्टचा लूप कुठे, उलटलं तर कसं बाहेर यायचं, तेव्हा फोन खिशात ठेवा आणि आई-बाबांना इंग्रजी भरभर कळत नसेल तर तिथल्या तिथे मराठीत सांगा. लूप त्यांना स्वतःच्या हाताने एकदा ओढून बघायला लावा.

दुर्बीण ७ किंवा ८ पॉवरची, वॉटरप्रूफ. घरी १०-१२ पॉवरची पडली असेल तर ती जमिनीवर वापरा, पाण्यावर कयाक सतत हलते आणि जास्त पॉवरमध्ये ईगलऐवजी नुसता थरथरणारा हिरवा रंग दिसतो. ती गळ्यात लटकवून वल्हवताना छातीवर आपटत राहते, त्यामुळे लाइफ जॅकेटच्या आत घाला किंवा छातीला बांधायचा हार्नेस मिळतो तो घ्या. फोनला पाण्याचं पाउच आणि दोरी. मोठी लेन्स आणायची असेल तर स्वतःची चांगली ड्राय बॅग आणा, खारं पाणी एकदा माउंटमध्ये गेलं की रिपेअरवाला हात वर करतो. पाण्याची बाटली, चिक्की, खजूर असं एका हाताने खाता येईल ते. आणि निघायच्या आधी बाथरूमला जाऊन या, सगळ्यांनी, लागली नसली तरी.

पाण्यावर गेल्यावर कसं शोधायचं

नवीन माणूस आकाशात बघत बसतो. ईगल दिवसाचा बराचसा वेळ नुसता बसलेला असतो, म्हणून झाडांचे शेंडे बघा. काठावरच्या सगळ्यात उंच डग्लस फर, त्यातही शेंडा वाळलेली, काठीसारखी टोकं वर आलेली झाडं, त्यांवरून नजर हळूहळू फिरवायची. मोठ्या ईगलचं डोकं त्या काळपट हिरव्या रंगात गल्ली क्रिकेटमधला झाडात अडकलेला पांढरा बॉल दिसावा तसं दिसतं, एकदा एक सापडला की मग डोळे आपोआप तेच शोधायला लागतात. कावळे आणि सीगल कुठे कलकल करून एखाद्या झाडाभोवती घिरट्या घालतायत का ते ऐका, ते ईगललाच हुसकवत असतात. खडकावर निवांत बसलेले सीगल काहीच कारण नसताना एकदम सगळे उडाले तर लगेच वर बघा.

उडताना ओळखायची खूण पंखांत आहे. बाल्ड ईगल पंख अगदी सपाट, आडवे ठेवून तरंगतो, सहा-सात फुटांचा तो पसारा, फडफड कमी. टर्की व्हल्चर पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचलून, डुलत डुलत जातो. ऑस्प्रे लहान असतो, पोट पांढरं, डोळ्यावरून काळा पट्टा, पंख मनगटात वाकलेले, आणि तो पाण्यात पाय पुढे करून धप्पकन सूर मारतो. ईगल तसा सूर मारत नाही, तिरका खाली येऊन पाण्याला घासत जातो आणि पाय खाली सोडून मासा उचलतो. मासा फार जड निघाला की कधी कधी तो पाण्यातच बसतो आणि पंखांनी वल्हवत काठापर्यंत येतो, मासा मात्र सोडत नाही. आणि बऱ्याचदा स्वतः कष्ट न करता ऑस्प्रेने पकडलेला मासा हवेतच त्याच्याकडून हिसकावून घेतो.

तपकिरी, पांढरे डाग पडलेला मोठा पक्षी दिसला तर तो दुसरा कुठला असेल म्हणून सोडून देऊ नका. पांढरं डोकं आणि पांढरी शेपूट यायला साडेचार-पाच वर्षं लागतात, तोपर्यंत बाल्ड ईगल असाच चट्टेरीपट्टेरी असतो, चोचही काळपट, दरवर्षी थोडी पिवळी होत जाते. जोडी शेजारी बसलेली असेल तर मोठी दिसते ती मादी. मुंबई-कोकणातल्या लोकांना पांढरं डोकं बघून आपली ब्राह्मणी घार आठवते, पण ती याच्यापुढे अगदीच छोटी. आपल्या किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड याचा जवळचा नातलग म्हणता येईल, तोही काठावरच्या उंच झाडावर मोठ्ठं घरटं बांधतो, वर्षानुवर्षं तेच वापरतो. बाल्ड ईगलचं घरटं साधारण पाच-सहा फूट रुंद असतं आणि दरवर्षी काटक्यांची भर पडत जाते. फ्लोरिडात एक मोजलं होतं ते जवळजवळ साडेनऊ फूट रुंद आणि वीस फूट खोल होतं.

ईगल दिसला की काय करायचं? पहिलं म्हणजे ओरडायचं नाही. वल्ह्याने बोट दाखवल्यासारखं दाखवायचंही नाही, वर उचललेलं वल्हं त्याला लगेच दिसतं. हळू आवाजात गाइडला सांगा. कयाकचं टोक पक्ष्याकडे रोखून सरळ जाऊ नका, काठाला समांतर, तिरकं, जणू पुढेच निघालोय असं जा, आणि झाडाच्या बरोब्बर खाली तर थांबूच नका. अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसची सूचना आहे की वीण चालू असताना कयाकसारख्या बिनइंजिनाच्या बोटींनी घरट्यापासून ३३० फूट, म्हणजे शंभर मीटर लांब राहावं. बसलेल्या पक्ष्यालाही मी तेवढंच अंतर धरते.

अंतर फुटात मोजता येत नसेल तर पक्षीच सांगतो. तो निवांत असेल तर अंग फुगवून बसतो, एक पाय पोटात घेतलेला, चोच फांदीवर या बाजूने त्या बाजूने घासून पुसतो, वाऱ्याने मानेची लांबट पिसं उलटी होतात ती पुन्हा बसवतो. तुमच्याकडे एकदा बघेल आणि परत पाण्याकडे. पण मान उंच करून तुमच्याकडेच टक लावून बघायला लागला, अंग चापून बारीक केलं, डोकं खालीवर करायला लागला, पुढे झुकला, शिटला, तर तो उडायच्या बेतात आहे, तिथेच वल्हं थांबवा आणि हळू मागे व्हा. घरट्यातला पक्षी उठला तर अंडी थंड पडतात, पिल्लं उघडी पडतात आणि कावळे तर टपलेलेच असतात.

थांबून बघायची इथली एक छान पद्धत आहे. काठाजवळ बुल केल्प म्हणून शेवाळाचे लांबच लांब दोर पाण्यावर तरंगत असतात, खाली खडकाला घट्ट धरलेले. गाइड त्यातला एक दोर उचलून अलगद कयाकच्या डेकवर आडवा टाकायला सांगतात, न ओढता न तोडता, आणि प्रवाह असला तरी कयाक तिथेच उभी राहते. दोन-तीन कयाक शेजारी-शेजारी आणून एकमेकांच्या कडा धरल्या की सगळं स्थिर होतं, म्हाताऱ्या माणसांनाही निर्धास्त दुर्बीण लावता येते. असं बांधून घेतलेलं नसेल तेव्हा दोघांनी एकदम वल्हं ठेवून फोन काढू नका, पुढचा फोटो काढत असेल तर मागच्याने वल्हं पाण्यावर आडवं टेकवून ठेवायचं. फोटो सूर्य पाठीशी घेऊन काढा आणि एक्सपोजर थोडं कमी करा, नाहीतर पांढरं डोकं जळून सपाट पांढरं येतं, डोळाही दिसत नाही. फोनवर फार झूम करण्यापेक्षा झाड, पाणी, आकाश सगळं येऊ द्या.

सील दिसले तर शंभर यार्ड लांब. इथल्या सदर्न रेसिडेंट ऑर्का आल्या तर २०२५ पासून हजार यार्डांचा कायदा आहे, गाइड तुम्हाला काठाला घेऊन थांबवतील. ड्रोन घरी ठेवा.

एवढं जपायचं कशाला असं कोणी विचारलं तर १९६३ सालचा आकडा सांगा. अलास्का सोडून खालच्या सगळ्या अमेरिकेत तेव्हा घरटी करणाऱ्या फक्त ४१७ जोड्या मोजल्या गेल्या होत्या. डीडीटी हे कीटकनाशक फवारलं, ते पाण्यातून माशांत आणि माशांतून ईगलमध्ये गेलं, अंड्यांचं कवच इतकं पातळ झालं की उबवायला बसल्यावर आईच्या वजनाने फुटायचं. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळालं, लोकांनी वर्षानुवर्षं झाडं राखली, आणि २००७ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या यादीतून बाहेर आला. २०१८-१९ च्या मोजणीत एकूण पक्षी (जोड्या नव्हे) ३ लाख १६ हजारांवर होते. यादीतून काढला तरी १९४० पासूनचा ईगलसाठीचा वेगळा कायदा आजही लागू आहे, त्यात पक्ष्याला त्रास देणंही गुन्हा आहे आणि खाली पडलेलं पीस उचलून घरी आणणंसुद्धा. मुलांना हे टूरच्या आधीच सांगा कारण किनाऱ्यावर मोठं पीस दिसलं की त्यांचा हात जाणारच. सापडलेली पिसं, मेलेले पक्षी सरकार कोलोरॅडोतल्या एका केंद्रात जमा करतं आणि तिथून ते मूळनिवासी जमातींना त्यांच्या विधींसाठी दिले जातात. ही बेटंही मुळात कोस्ट सेलिश लोकांची, ईगल त्यांच्याकडे फार मानाचा.

जे पूर्वेकडे राहतात त्यांनी एवढ्यासाठी विमान पकडायची गरज नाही. व्हर्जिनिया-डीसीवाल्यांना मेसन नेक स्टेट पार्क आहे, पार्कवालेच गाइडेड कयाक आणि कनू ट्रिप काढतात, आणि त्याला लागून १९६९ मध्ये खास बाल्ड ईगलसाठी स्थापन झालेलं देशातलं पहिलं रेफ्यूज आहे. मेरीलँडमध्ये केंब्रिजजवळचं ब्लॅकवॉटर, तिथे पाण्यातले पॅडल ट्रेल आखलेले आहेत. पाणी तिथे उथळ आणि शांत, लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जायला सॅन वानपेक्षा सोपं, फक्त उन्हाळ्यात डास भयंकर, फुल बाह्यांचं घाला.

टूर संपल्यावर गाइडला विचारून ईबर्डवर, म्हणजे पक्षी दिसल्याच्या नोंदी ठेवायच्या साइटवर, नोंद टाका, किती मोठे, किती तपकिरी, काय करत होते. घरट्याचं नेमकं लोकेशन मात्र टाकू नका, फोटोतलं जीपीएसही बंद करा, नुसतं बेटाचं नाव पुरे. येतानाच्या फेरीत गाडीत झोपू नका, वर डेकवर या, दुर्बीण बाहेरच ठेवा. शॉ आणि लोपेझ बेटांच्या मधून बोट काठाजवळून जाते आणि उजवी-डावी दोन्हीकडची झाडं नीट दिसतात, तोपर्यंत शेंडे बघायची सवय लागलेली असते त्यामुळे आई-बाबाच तुमच्या आधी शोधून दाखवतात.